दाजींच्या कानातला माझा आवाज

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सव्वीस वर्षं मोटरसायकल चालवताहेत, पण त्यांचा चेहरा काही टीव्हीवर एकदाही आलेला नाही. सायकलच्या मोठ्या शर्यती घरबसल्या दिसतात त्या त्यांच्यासारख्यांच्या जिवावर. मागच्या सीटवर कॅमेरावाला, पुढे दाजी, आणि दिवसभर सायकलवाल्यांच्या मागेपुढे. कॅमेरावाल्याला ते ‘पोतं’ म्हणतात. यात अपमान नाही. वळणावर जो आपली अक्कल चालवून वाकतो तो गाडी आडवी करतो, आणि पोत्यासारखा गप्प बसतो तो चांगला. आताचं पोतं अकरा वर्षं त्यांच्या मागे बसतंय. उजवा गुडघा दाबला की उजवीकडे घ्या, दोन्ही दाबले की हळू. बायकोशीसुद्धा माणूस इतकं समजून बोलत नसेल.

मीही त्याच कामावर, फक्त व्हॅनच्या आत. शर्यत जिथे संपते तिथे आमची व्हॅन उभी असते. बिनखिडक्यांची, गारठलेली, एका भिंतीवर नुसते पडदे. कुठलं चित्र लोकांना दाखवायचं ते डायरेक्टर सर ठरवतात आणि मी बटण दाबून त्यांचे हुकूम मोटरसायकलवाल्यांच्या कानात पोचवते. ही नोकरी दाजींनीच मिळवून दिली. मला ते ‘टपाल’ म्हणतात. मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही, त्यांच्या टकलावरून रोज काहीतरी ऐकवतेच.

पूर्वी या शर्यतीला नऊ मोटरसायकली असायच्या. लोक दुपारी टीव्ही लावून आडवे व्हायचे, एक झोप काढून उठायचे, तरी शर्यत चालूच असायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता पाच तास बसणार कोण? शेवटचा मिनिटभराचा तुकडा फोनवर बघितला की झालं. नवाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. यंदा चॅनेलने कळवलं, बघणारे वाढले नाहीत तर पुढच्या वर्षी फक्त शेवटचा तास दाखवू, आणि तेवढ्याला एक मोटरसायकल पुरते. तिघांत दाजी सगळ्यांत मोठे, चौपन्न वर्षांचे. कुणाची गाडी आधी बंद होणार हे कळायला ज्योतिषी नको होता.

सरांनी यावर एकच औषध काढलं. जवळ जायचं.

“उतारावर हे लोक नव्वदच्या वेगाने सुटतात,” ते म्हणाले, “आणि घरी बसलेल्याला वाटतं, भाजी आणायला निघालेत. दुरून डोंगर साजरे दिसत असतील, सायकली नाही दिसत.”

बोलायला त्यांचं काय जातं! उतारावर सायकल हलकी, चटकन वळते. दोन माणसं आणि कॅमेरा लादलेली मोटरसायकल तशी वळत नाही. म्हणून दाजींचा नियम होता, उतारावर मध्ये पाच गाड्या मावतील एवढी जागा सोडायची. पुढचा पडलाच तर थांबायला तेवढी लागते. पाचाच्या चार झाल्या, चाराच्या तीन, आणि प्रत्येक वेळी “जवळ” हा शब्द दाजींच्या कानात माझ्याच तोंडून गेला. मला भीती वाटायची. आमच्या पडद्यावर चित्र दोन सेकंद उशिरा येतं. पडद्यावर दाजी नीट चालवताना दिसायचे, तेव्हा रस्त्यावर ते पडलेले असू शकतात, हे मला कळत होतं. ताईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? तुझ्या नवऱ्याला मी रोज पुढे ढकलते म्हणून?

शर्यतीच्या पाचव्या दिवशी घाट होता आणि सकाळचा पाऊस नुकताच थांबला होता. पुढे एकच सायकलवाला सुटला होता आणि त्याच्या मागे दाजी. ओल्या रस्त्यावर त्याचं मागचं चाक दोनदा सरकलेलं मी पाहिलं.

“जवळ,” सर म्हणाले.

मी बटण दाबलं. सर दुसऱ्या पडद्याकडे वळले तेवढ्यात मी माइकमध्ये पुटपुटले. “दाजी, मागे राहा. सर म्हणतात, खूप मागे.”

“बरं,” दाजी म्हणाले. आवाजात सुटका झाल्यासारखं होतं.

चित्रातला सायकलवाला लहान होत गेला. “अहो, सांगितलंत ना?” सर ओरडले. मी म्हणाले, “सांगितलं सर, रस्ता निसरडा आहे म्हणतात.” तोवर मी कामावर कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी एका दमात दोनदा बोलले.

पुढच्याच वळणावर तो पडला. सायकल कठड्यावर आपटून उडाली, तो रस्त्यावरून घसरत आडवा आला. चित्र गदगदा हललं, आभाळ दिसलं, पुन्हा रस्ता दिसला. मग सगळं थांबलं. मोटरसायकलचं पुढचं चाक त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या गळ्याचं हाड मोडलं, पण तो उठून बसला. मी व्हॅनबाहेर जाऊन ओकले.

परत आले तर आत टाळ्या चालल्या होत्या. तो तुकडा त्या रात्रीत इतक्या लोकांनी बघितला, जितक्यांनी वर्षभरात सगळ्या शर्यती मिळून बघितल्या नव्हत्या. “हेच! हेच तर सांगत होतो मी!” सर म्हणत होते. मध्ये किती जागा होती हे सर विसरले होते, बाकी कुणाला ते दिसलंच नव्हतं. शेवटची ती वीत तेवढी सगळ्यांना दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर मी दाजींना खरं सांगून टाकलं. “मागे राहा असं सर नव्हते म्हणाले. मीच म्हणाले.”

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, “काल सर भेटले होते. माझं काम दोन वर्षं पक्कं केलं. म्हणाले, असंच चित्र पाहिजे.”

“असंच म्हणजे? माणूस पडलेला?”

“जवळचं.”

“दाजी, तुम्ही लांब होतात म्हणून तो वाचला! आणि तुम्हीसुद्धा!”

“ते तुला आणि मला माहीत आहे.”

“मग जाऊन सांगा त्यांना.”

“काय सांगू? माझ्या मेव्हणीने तुमचा हुकूम फिरवला? संध्याकाळपर्यंत तू घरी, आणि परवा मी.” त्यांनी कप खाली ठेवला. “चौपन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं गं?”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि आड खणला होता मीच. खोटं बोलून मी त्यांचा जीव वाचवला, आणि त्याच खोट्याने सगळ्यांची खात्री पटवली की जवळ गेलं तरी काही होत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा घाट आला. सायकलवाले माथ्यावरून खाली सुटले. मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, खुर्चीत रेलून बसले होते. पडद्यावर पाच गाड्यांची जागा होती. मग तीन. मग मला मोजता येईना.

मी बटण दाबलं. “दाजी, मागे,” मी पुटपुटले.

“मागेच आहे,” ते म्हणाले.

पडद्यावर पुढच्या सायकलवाल्याच्या पाठीवरचा नंबर दिसत होता, तो टाचलेल्या चारही पिना दिसत होत्या, मानेवरून निथळणारा घाम दिसत होता. मी बोट बटणावरून काढलं नाही. “दाजी, अहो, ऐका ना...” कानात नुसतं वारं वाजत होतं.

“वा!” सर खुशीत म्हणाले. “बघितलंत? आता त्यांना सांगावंच लागत नाही.”

खाली अजून अकरा वळणं होती.