दहा खिडक्या मागे

मनोऱ्याच्या एकतिसाव्या मजल्यावरच्या त्या हॉटेलात जमिनीचे दोन भाग होते. मधला गोल जागच्या जागी. त्यात लिफ्ट, स्वयंपाकघर आणि मॅनेजरची केबिन. त्याच्या भोवतीचा पट्टा फिरता; त्यावर चोवीस टेबलं. बाहेरच्या चोवीस काचा आणि काचांखालचा रुंद दगडी कट्टा पुन्हा जागच्या जागी. म्हणजे दोन स्थिर गोष्टींच्या मधोमध गिऱ्हाईक तेवढं फिरायचं, तेही त्याच्या लक्षात येऊ न देता. लिफ्टसमोर पाटी होती : ‘एक फेरी, एक तास’. जेवण उरकलं की लोक उठत नसत. फेरी पुरी झाली की उठत.

तिथे बावीस वर्षं जेवण वाढणाऱ्या वेटरला सगळे भोवरा म्हणायचे. हे नाव स्वयंपाक्याने ठेवलेलं. भोवऱ्याला वेगाने फिरताना कुणी पाहिलं नव्हतं, पण नावं ठेवणारे इतकी चौकशी करत नाहीत.

स्थिर आणि फिरत्या जमिनीच्या मध्ये पितळेची एक पट्टी होती. हातात ट्रे घेऊन ती दिवसातून तीनशे वेळा ओलांडायची. जाताना एक पाय उभ्या जमिनीवर, दुसरा चालत्या, येताना उलट. वेग मुंगीचा, पण मुंगीसुद्धा बावीस वर्षांत बरंच काही पोखरते. तिने भोवऱ्याचा डावा गुडघा पोखरला होता.

त्याचं कसब मात्र पाहण्यासारखं. सूप तयार व्हायला दहा मिनिटं लागली तर टेबल चार खिडक्या पुढे गेलेलं असणार. तो ट्रे उचलायचा आणि बरोबर त्या बाजूच्या दाराने बाहेर पडायचा. नवी पोरं आत गेली त्याच दाराने बाहेर येत आणि वाफाळतं सूप घेऊन पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखी भटकत. भोवऱ्याने कधी टेबल शोधलं नाही.

घरी बायको शिवणयंत्रावर लोकांचे जुने कपडे बेतून द्यायची. तो आला की पाय न थांबवता विचारायची, “बावीस वर्षं फिरताय, पोचलात कुठे?”

“पहिल्या टेबलाशी,” तो सांगायचा आणि पलंगावर आडवा व्हायचा. डोळे मिटले की पलंग हळूच उजवीकडे निघायचा. त्याची त्याला सवय झाली होती.

त्याला हवी होती एक खुर्ची. लिफ्टसमोर टेबलामागे बसायचं, बुकिंगच्या वहीत नाव पाहायचं, लोकांच्या छत्र्या आणि कोट ठेवून घ्यायचे. जमीन स्थिर, पाय स्थिर. त्या खुर्चीवरचा म्हातारा महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. मॅनेजर भोवऱ्याच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला होता, “काका, माझ्या डोक्यात तुमचंच नाव आहे. फक्त महिनाभर एक तक्रार नको.” महिन्याचे सहा दिवस उरले होते.

त्या दिवशी धुकं होतं. सकाळपासून चोवीस काचांबाहेर चोवीस पांढरे पडदे. अशा दिवशी जमीन फिरतेय यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण फिरायला शेजारी काहीतरी न फिरणारं दिसावं लागतं. लोक म्हणायचे, “बंद पडलंय वाटतं.” भोवरा म्हणायचा, “चालू आहे,” आणि लोक दया आल्यासारखे हसायचे.

एक वाजल्यापासून त्याचा गुडघा जास्तच बोलायला लागला होता. शिवाय टेबलं दोन पावलं पुढे सापडत होती. तो दाराबाहेर यायचा, आणि टेबल त्याला मागे टाकून निघालेलं. बावीस वर्षांत प्रथमच. “म्हातारा झालो रे,” तो स्वयंपाक्याला म्हणाला.

“भोवऱ्या, तू जन्मलास तेव्हाच झाला होतास. हे सूप ने.”

एक पंचविसाला नऊ नंबरच्या टेबलावरून हाक आली. साधी नव्हे, प्रार्थनेच्या रांगेत कुजबुजणाऱ्याला मारावी तशी. बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि बहिणीला जेवायला घेऊन आल्या होत्या.

“माझी पर्स कुणी उचलली?”

“कुठे ठेवली होती, बाई?”

“इथे. खिडकीच्या कट्ट्यावर. आल्या आल्या ठेवली.”

हे दुखणं भोवऱ्याच्या ओळखीचं होतं. आठवड्यातून दोनदा कुणीतरी कट्ट्यावर काहीतरी ठेवायचं आणि चोर चोर म्हणून ओरडायचं. त्याचं वाक्य ठरलेलं होतं, “पर्स जागेवरच आहे. तुम्ही पुढे आलात.”

“म्हणजे मी पळाले?” बाई म्हणाल्या. “मी एक वाजल्यापासून या खुर्चीवरून उठलेली नाही.”

“उठायला लागत नाही, बाई.”

“ताई, अगं जमीन फिरते,” बहीण हळूच म्हणाली.

“कुठे फिरते? काही हलतंय का बाहेर?”

पर्स ठेवताना बाहेर काय होतं, हे भोवऱ्याने तरीही विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या, पांढरं. मग त्याने घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. एका खिडकीला अडीच. “दहा खिडक्या मागे असेल. आत्ता आणतो,” तो म्हणाला, आणि शेजारपाजारच्या टेबलांनी ते ऐकलं. मॅनेजरही केबिनमधून येऊन उभा राहिला होता.

भोवरा कट्ट्याच्या कडेने खिडक्या मोजत मागे गेला. दहावी आली. कट्टा रिकामा, पुसलेला. तिथल्या टेबलावर दोघं हात धरून बसले होते. त्यांनी जग पाहिलं नव्हतं, पर्स कुठली पाहणार. त्याने नववी पाहिली, अकरावी पाहिली. बाईंचा आवाज तिथवर आला, “घराच्या किल्ल्या आहेत तिच्यात! पोलिसांना बोलवा. आणि आधी या माणसाचे खिसे बघा.”

भोवरा दहाव्या खिडकीशी उभा राहिला. बावीस वर्षं कुणी त्याच्या खिशाचं नाव काढलं नव्हतं. गुडघा ठणकत होता. त्या ठणक्याबरोबर दोन पावलं पुढे गेलेली टेबलं आठवली. एक वाजता मॅनेजर जमीन फिरवणाऱ्या मोटरच्या खोलीतून हात पुसत बाहेर आला होता, तेही आठवलं. बाहेर धुकं, आत दुपारची गर्दी, लिफ्टसमोर रांग. फेरी लवकर संपली तर टेबलं लवकर रिकामी. आणि आज कुणाला कळणार?

म्हणजे गुडघा ठीक होता. म्हणजे, ठीक नव्हता, पण खरं बोलत होता.

तो आणखी तीन खिडक्या मागे गेला. तेराव्या खिडकीच्या जरा पलीकडे डुलकी घेत पुढे सरकलेल्या एका गृहस्थाने कट्ट्यावर कोट टाकला होता. कोटाखाली पर्स होती.

बाईंनी पर्स उघडून किल्ल्या पाहिल्या, चष्मा पाहिला. मग भोवऱ्याकडे पाहिलं. सॉरी म्हणायच्या बेतात होत्या, पण हाडाच्या मास्तरीण.

“तुम्ही दहा म्हणालात. येताना तुम्ही तोंडाने मोजत आलात. तेरा झाल्या.”

“हो.”

“का?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ होतं. तासाची फेरी पाऊण तासात चालली होती. ते म्हटलं असतं तर पाटीवरच्या तासाचे पैसे भरून बसलेल्या चोवीस टेबलांनी मॅनेजरकडे पाहिलं असतं. मॅनेजर काचेबाहेर धुक्यात पाहत होता, तिथे काहीतरी दिसत असल्यासारखा. त्याच्या मागे, उघड्या दारातून, लिफ्टसमोरची खुर्ची दिसत होती. लाकडी, हात असलेली, पाठीला उशी.

“माझी चूक, बाई,” भोवरा म्हणाला. “मोजताना चुकलो. वय झालं.”

“होतं असं,” बाई एकदम मऊ झाल्या. “तुम्ही आता बसून करायचं काम बघा.”

मॅनेजर वळला. “मी तेच सांगतोय काकांना,” तो म्हणाला.

चिठ्ठी महिनाअखेरीआधीच मिळाली. त्यात लिहिलं होतं की वयोमानानुसार अंदाज चुकू लागल्याने वाढण्याच्या कामावरून लिफ्टसमोरच्या टेबलावर बदली. बायकोने यंत्र थांबवून ती दोनदा वाचली.

“तुमचा अंदाज? टेबलांचा?”

“लिहिलंय ना तसं.”

“खरं आहे का?”

“खुर्ची खरी आहे,” तो म्हणाला. बायकोने यंत्र पुन्हा सुरू केलं.

पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसला तेव्हा ती फिरायला लागली. उघड्या दारातून टेबलं एकामागून एक सरकत होती, आणि बावीस वर्षांच्या सवयीने शरीराने ठरवलं की टेबलं उभी आहेत, आपणच चाललोय. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याने दाराकडे पाठ करायचा उपाय शोधला. त्यामुळे तोंड पाटीकडे आलं.

धुकं केव्हाच गेलं होतं. मोटरचा वेग वाढवणारी मूठ मॅनेजरने त्या दिवशी फिरवली होती तिथेच राहिली. उलट एकदोघांनी, आज सगळं शहर भराभरा दिसलं, असं कौतुक केलं. एके दुपारी एक जोडपं लिफ्टमधून बाहेर आलं. नवऱ्याने पाटी वाचली. गाडी गाठायची असावी, कारण त्याने घड्याळ पाहिलं.

“काका, बरोबर एक तास ना?”

भोवऱ्याने वहीत त्यांचं नाव शोधलं. सापडल्यावरही थोडा वेळ शोधत राहिला.

“हो,” तो म्हणाला, “पण पर्स कट्ट्यावर ठेवू नका.”