एस्तेरकाकूंचं दुसरं कडवं

एस्तेरकाकू स्वयंपाक करताना गात. यात विशेष काही नाही, आमच्या मंडळीतल्या निम्म्या बायका पोळ्या लाटताना गातात. पण काकू दारं-खिडक्या लावून गात, तेही खड्या आवाजात आणि भर मे महिन्यात. चर्चच्या आवारात, मागच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती. संध्याकाळी गाण्याच्या सरावाला येणारी माणसं त्या खोलीपाशी हमखास थबकत. आतून कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज आणि त्या सगळ्याच्या वर काकूंचा सूर. "काय भक्ती आहे बाईची!" असं म्हणून माना डोलवत पुढे जात. मीही मान डोलवलेली आहे.

मी चर्चमध्ये पेटी वाजवते. आठवडाभर शाळेत मुलांना गणित शिकवायचं आणि रविवारी पेटी, असं माझं आयुष्य. काकू आमच्या गायनमंडळाच्या पुढारी. बुटक्या, स्थूल, चष्म्याची दोरी गळ्यात. गाताना त्यांचा एक हात कायम माझ्या पेटीवर असे, जणू काही मी ती घेऊन पळून जाणार होते. मागच्या वर्षी काकू गेल्या. तरी अजून पेटीवर कुणी हात ठेवला की मला त्याचा राग येतो.

त्यांच्या जिभेला पुण्याचं पाणी पुरेपूर लागलेलं होतं. सरावाला उशिरा येणाऱ्याला म्हणत, "या, या. शेवटचं गीत तुमच्यासाठीच ठेवलं होतं." कुणी पुटपुटत गायलं तर, "तोंड उघडा जरा. प्रभूने काय ओठ बघून ओळखायचं?" तरुण संघाची पोरं गिटार आणि ड्रम घेऊन आली तेव्हा आम्हा जुन्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काकू त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "वाजवा बाळांनो, मनसोक्त वाजवा. फक्त देव ज्येष्ठ असला तरी बहिरा नाही, एवढं लक्षात ठेवा." पोरं त्यांच्यावर जीव टाकत.

आता त्यांच्या गाण्याबद्दल. काकूंचे यजमान शमुवेलकाका हडपसरला एका कारखान्यात फिटर होते. दारू इतकी वाढली की नोकरी गेली. काकू दर शुक्रवारी उपास करून प्रार्थना करायच्या. एका वर्षी चर्चमध्ये पश्चात्तापाच्या प्रार्थनांसाठी भरलेल्या संजीवन सभेत काका आपण होऊन उठले, पुढे जाऊन गुडघ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. त्या दिवसापासून त्यांनी दारू सोडली. खरोखर सोडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याने ते रडणं खोटं ठरत नाही.

त्याच वर्षीचा हंगामाचा सण. या सणाला आमची मंडळी धान्य, भाज्या, फळं, कुणी कोंबडीसुद्धा देवापुढे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. काकूंकडे आणायला काही नव्हतं. त्या रिकाम्या हातांनी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी गाणं आणलंय. लिलाव करू नका म्हणजे झालं." भाकरी थापता थापता सुचलेलं गाणं होतं, तीन कडव्यांचं. पहिलं कडवं असं:

घरी माझ्या ये रे येशू, दार उघडे ठेविले,
हाक मारूनी थकले रे, किती दिवे मी लाविले.

दुसऱ्या कडव्यात येशू येतो, धन्याचा हात धरतो, हातातला पेला गळून पडतो. तिसरं कडवं आभाराचं. त्या दिवशी चर्चमध्ये रडलं नाही असं कुणी राहिलं नाही.

मग तो रिवाजच पडला. दर वर्षी सणाला दोघांनी पुढे उभं राहायचं, काकूंनी तिन्ही कडवी गायची, शेवटी काकांपुढे माइक धरायचा आणि त्यांनी "आमेन" म्हणायचं. कमिटीने काकांना आवाराची राखणदारी दिली, राहायला खोली दिली. तरुण संघाने गाणं यूट्यूबवर टाकलं. दुसऱ्या चर्चमधून बोलावणी यायला लागली. पाळकसाहेबांनी त्यावर उपदेश केला, की ही तीन कडवी म्हणजे आत्मिक वाढीच्या तीन पायऱ्या आहेत. धावा, उत्तर आणि उपकारस्तुती. प्रत्येकाने आपण कोणत्या पायरीवर आहोत ते तपासावं.

एका संध्याकाळी मला वाद्यांच्या कपाटाची किल्ली हवी होती. काकूंचं दार वाजवलं. आत गाणं चालूच. पुन्हा वाजवलं, मग ढकललं. शमुवेलकाका खाटेला टेकून जमिनीवर बसले होते आणि कुणाच्या तरी नावाने मोठमोठ्याने शिव्या देत होते. खोलीत वास कोंडलेला. काकू गॅससमोर उभ्या, कपाळावरून घामाच्या धारा, आणि गळ्यातून तार सप्तक. त्यांनी मला पाहिलं. गाणं न थांबवता डोळ्यांनीच दार लावून घ्यायला सांगितलं. मी लावलं. त्यांनी गात गातच खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी बाहेर आले तेव्हा अंगणात दोन बायका डोळे मिटून ऐकत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कधीपासून, काकू?"

"दुसऱ्या सणाच्या आधीपासून."

"मग सांगत का नाही कुणाला?"

"काय सांगू? खोली गाण्यावर मिळालीय, नोकरी गाण्यावर मिळालीय. लोक रस्त्यात थांबून ह्यांचा हात हातात घेतात. ह्यांची पण पंचाईतच आहे गं. बरा झालेला माणूस दारूच्या दुकानात कसा जाणार? म्हणून चोरून आणतात, चोरून पितात. पूर्वी उघड प्यायचे तेव्हा मला निदान भांडायची सोय होती. आता भांडले तर भिंतीपलीकडे ऐकू जातं. म्हणून गाते."

त्यानंतर सणाच्या दिवशी पेटीमागून मी काकांकडे बघायला लागले. शुद्धीवर असले की फार मऊ माणूस. लहान मुलांना संत्र्याच्या गोळ्या वाटायचे. पुढे उभे राहिले की बाकाची कड घट्ट धरायचे, आणि "आमेन" म्हणताना कुणी कॉलर पकडल्यासारखा आवाज यायचा. लोकांना ते सद्गदित होणं वाटे. आम्ही तिघंही त्या गाण्यात कोंडलेले होतो: काकू गाणाऱ्या, काका उभे राहणारे आणि मी वाजवणारी. बाहेर पडायचं तर सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत पडावं लागणार होतं.

अशी काही वर्षं गेली आणि आणखीही गेली असती. पण रूपाली आली. लग्न होऊन आमच्या मंडळीत आलेली, गोड गळ्याची मुलगी. नवरा आयटी पार्कच्या गाड्यांवर ड्रायव्हर. एकदा ती मनगटाला बँडेज बांधून सरावाला आली. पडले म्हणाली.

"जिन्यावरून की नवऱ्यावरून?" काकूंनी विचारलं.

बाकीच्या बायका गेल्यावर तिने सगळं सांगितलं. आई वाईहून रोज फोन करत होती, निघून ये म्हणून. "पण मी नाही जाणार, काकू. तुम्ही थांबलातच ना? मी रोज तुमचं गाणं ऐकते. हेडफोन घालून, लूपवर. तो दार वाजवत असतो आणि मी आत बाथरूममध्ये ऐकत बसते. मी अजून पहिल्या कडव्यात आहे. माझा विश्वास वाढला की दुसरं कडवं येईलच ना?"

रूपाली गेल्यावर काकूंनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "निर्मला, ही पोर माझ्या गाण्यापायी मरेल."

त्यांनी रूपालीला दोनदा समजावून पाहिलं. जा आईकडे, म्हणाल्या. ती हसून म्हणाली, "तुम्ही माझी परीक्षा बघताय." तरुण संघाच्या पोरांना त्यांनी गाणं यूट्यूबवरून काढायला सांगितलं, पोरांना वाटलं, रेकॉर्डिंग चांगलं झालं नाही म्हणून म्हणतात; पोरांनी नवीन करून द्यायचं कबूल केलं. शेवटी काकू पाळकसाहेबांकडे गेल्या आणि यंदा सणाला मला गायला लावू नका म्हणाल्या. पाळकसाहेब म्हणाले, "काकू, नम्रता पुरे झाली. पत्रिका छापून झाल्यात."

त्या रविवारी खांबांना ऊस बांधले होते, वेदीपाशी भोपळे आणि मक्याची कणसं रचली होती. कुणीतरी आणलेली कोंबडी टोपलीखाली कुरकुरत होती. दोघं पुढे उभे राहिले. मी सूर दिला. काकूंनी पहिलं कडवं गायलं, आणि इतकं सावकाश की मला तालात राहणं अवघड गेलं. कडवं संपलं. मी दुसऱ्या कडव्याआधीचा तुकडा वाजवायला घेतला, तोच त्यांनी पेटीच्या भात्यावर तळहात ठेवला. हवा गेली, सूर बसला.

"मंडळी," काकू म्हणाल्या, "मला एवढंच गाता येतं. दुसरं कडवं एकदा खरं झालं होतं. मग ते राहिलं नाही. तरी मी दर सणाला ते गायले, तुमच्यापुढे आणि देवापुढे. आमच्या घरात दारू आहे. कालही होती. इथं जी कुणी माझ्या गाण्याच्या भरवशावर मार खात बसली असेल, तिनं बसू नये. माझी प्रार्थना चालू आहे, पण मला उत्तर मिळालेलं नाही. मिळालं असं मी म्हटलं, ते खोटं होतं."

माइक धरायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे तो काकांपुढे धरला. काकांनी बाकाची कड सोडली. बायकोकडे बघितलं. "आमेन," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आमेन मला पहिल्यांदा खरा वाटला. मी पेटीवर डोकं टेकून रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी काकूंनी खिडक्या उघड्या टाकून स्वयंपाक केला. गाणं नव्हतं. शमुवेलकाका काय बोलतात ते साऱ्या आवाराला ऐकू गेलं. अंगणात उभं राहून ऐकायला कुणी थांबलं नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. मंडळीची साक्ष, म्हणजे चार लोकांतलं नाव, बिघडली असं कमिटीत ठरलं. राखणदारी गेली, खोली सोडावी लागली. पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते, ते स्वतः भेटायला आले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही तिसऱ्या पायरीवर होतात, पहिलीवर कशाला आलात?" काकू म्हणाल्या, "साहेब, तिसऱ्या पायरीवर माझे पाय टेकत नव्हते. इथं टेकतात." पाळकसाहेबांनी चहा अर्धा ठेवला. पण कात्रजला भाड्याची खोली त्यांनीच बघून दिली, हेही सांगायला हवं.

रूपालीने काकूंशी बोलणं टाकलं होतं. तुम्ही मला फसवलंत, एवढं एक वाक्य तिने चर्चच्या दारात ऐकवलं होतं आणि काकूंनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. आणि मग एके दुपारी मला काकूंचा फोन आला. "स्वारगेटला ये. पेटी आणू नकोस."

स्टँडवर रूपाली होती, एक बॅग, एक पिशवी. कानाखाली निळं पडलेलं. सकाळी ती सरळ कात्रजला जाऊन काकूंच्या दारात उभी राहिली होती. काकूंनी तिला जेवायला घातलं, आईला फोन लावून दिला आणि घेऊन निघाल्या. वाईची बस लागली होती. काकूंनी स्वतः आत चढून जागा धरली, बॅग वर ठेवली, शेजारच्या बाईला "मुलीकडे लक्ष असू द्या हो" म्हणून सांगितलं आणि खाली उतरल्या.

रूपालीने खिडकीतून त्यांचा हात पकडला. "काकू, तुम्ही पण चला ना. आईकडे जागा आहे. खरंच चला."

"तू हो पुढे. पोचलीस की फोन कर."

बस स्टँडबाहेर पडेपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. मग मला राहवलं नाही. "का नाही गेलात? तिला जे सांगता ते तुम्हाला लागू नाही का?"

"तिला मी अडकवलं होतं, म्हणून मी सोडवलं," काकू म्हणाल्या. "मला कुणी अडकवलंय ते सापडत नाही, नाहीतर त्यालाही इथं आणून उभं केलं असतं."

"सापडत नाही, की शोधत नाही?"

त्या हसल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की हसू बघून तो आणखी वाढला. मी म्हटलं, "प्रार्थना तरी करता का अजून?"

"रोज. तेवढंच एक कडवं. आता म्हणताना जड जात नाही." त्यांनी पदराने चष्मा पुसला, रस्त्यापलीकडे बघितलं. "कात्रजची बस कुठं लागते गं? चल लवकर. सकाळपासून हे उपाशी आहेत."