झुकलेली वात

अंबडच्या कोर्टासमोर रामकिसनचं टायपिंगचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की त्याची बायको बेबीनंदा कीबोर्डवर बसायची आणि चांदण्या, कंस, आडव्या-उभ्या रेघा जोडून नक्षी काढायची. रोज सकाळी तसल्याच फुलांच्या चौकटीत ‘जय भीम, शुभ सकाळ’ लिहून ती सगळ्यांना व्हॉट्सॲपवर धाडायची. खाली सही म्हणून एक दिवा आणि तिचं नाव. दिव्याची वात मात्र कायम तिरकी.

“अगं, सरळ रेघ दे की! दिसत न्हाई का?” रामकिसन खेकसायचा.

“वारं सुटलंय, म्हणून झुकली,” ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ती तापानं गेली. चौकट मात्र फिरतच राहिली. लोकांना तरी काय म्हणावं, खालचं नाव न पुसताच पुढं ढकलतात! रोज सकाळी कुठल्या तरी ग्रुपवर अनोळखी नंबरवरून बेबीनंदा यायची. आधी त्याच्या अंगावर काटा यायचा. पुढं पुढं ती आली नाही तर त्याला घास उतरेना.

एका सकाळी आलेल्या दिव्याची वात सरळ होती. कुण्या शहाण्यानं नीट केली होती. रामकिसनला वाटलं, दुकानातून आत्ताच कुणीतरी उठून गेलं.

“कुणी सांगितल्तं तुला?” तो रिकाम्या दुकानात ओरडला. त्यानं उभी रेघ पुसली, तिरकी दिली आणि ओळखीच्या सगळ्यांना दिवा धाडला.

दुसऱ्या दिवशी कुण्या परक्याच्या फोनवरून तो परत आला. वात झुकलेली होती.

दुकानात वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी रामकिसननं फोनभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला.