भाकरी सोडायचा नेम

सांगलीशेजारच्या कुपवाडमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीसमोर टेम्पो उभा होता, आणि जोंधळ्याचं पोतं कुठं ठेवायचं यावरून आप्पांचं ड्रायव्हरशी वाजलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. गावाहून मोपेडवर, दोन पायांच्या मधे पोतं धरून आले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, शिरवळात जोंधळा मिळत न्हाई व्हय?" आप्पा म्हणाले, "मिळत असंल की. आमचा मिळत न्हाई." शेवटी पोतं कपाटाच्या आत गेलं, माझ्या साड्यांच्या जागेवर. साड्यांचं गाठोडं साडेतीन तास माझ्या मांडीवर राहिलं.

लोक अमेरिकेला जातात आणि आठवणी लिहितात. मी सांगलीहून शिरवळला गेले. ह्याला कुणी स्थलांतर म्हटलं तर आमच्या भावकीतले लोक पोट धरून हसतील. आपलाच हायवे, आपलंच एसटी महामंडळ, वाटेत कराड आणि सातारा. पण गाव सुटायला समुद्रच ओलांडावा लागतो असं नाही. खंबाटकी घाट उतरलो तेव्हा मी रडत होते आणि नवरा उगाचच खिडकीबाहेर बघत होता. त्याला अकरा वर्षं झाली.

शिरवळात नवऱ्याला नोकरी होतीच, वर्षाच्या आत मलाही एका बिस्किटांच्या कारखान्यात लागली. क्वालिटी लॅबमध्ये. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं काम. स्वभावाला मानवलं. लग्नाआधी गावात पाणी भरणं, शेतात डबा पोचवणं, मंदिरात जाणं यात दिवसाचं चालणं आपोआप व्हायचं. इथं कंपनीची बस दारात येते, स्टूल फिरतं आहे आणि कँटीनमध्ये भात, चपाती, बटाटा एकाच ताटात. बटाटा मी बाजूला काढायचे, कारण आम्ही जैन, कंदमुळं खात नाही. बाकी सगळं खायचे. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन अठ्ठ्याहत्तरवर गेलं. जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले.

मग आमच्या लॅबमध्ये लो-कार्बची साथ आली. भात बंद, पोळी-भाकरी बंद, साखर-गूळ बंद. चौघींनी एकदम सुरू केलं. दिवसभर बिस्किटं तपासायची आणि डब्यातून पनीर खायचं. मी खरंच सांगते, पहिला आठवडा नरक होता. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि चिडचिड इतकी की धाकट्यानं सांडलेल्या पाण्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यापासून दुपारची पेंग गेली. भूक आधी वाघासारखी मागे लागायची, ती शांत झाली. सात महिन्यांत अकरा किलो उतरले. गुडघे गप्प झाले. आज त्यातले चार परत आलेत, तरी मी त्या खाण्याला सरसकट शिव्या घालणार नाही. मला त्याचा उपयोग झाला. तो झाला म्हणूनच मी शेफारले.

आमच्यात अंडं नाही, मासा नाही, कांदा-लसूण नाही. म्हणजे यातून भाकरी-भात काढला की राहतं पनीर, शेंगदाणे, दुधी, दोडका आणि काकडी. मला पगार होता, फ्रीज होता, वय चाळीसच्या आत होतं. गावाकडं एका म्हाताऱ्या माणसाच्या ताटात मग काय उरेल, याचा विचार मी केला नाही.

आप्पांना मी पहिल्यांदा दुखावलं ते जोंधळ्यावरून. आप्पा उसाच्या रानात दहा गुंठे शाळूचा जोंधळा घरच्यासाठी ठेवायचे, त्यातलं एक पोतं दरवर्षी शिरवळला यायचं. त्या वर्षी मी फोनवर सांगितलं, "आप्पा, यंदा पाठवू नका, आम्ही भाकरी बंद केलीय." ते म्हणाले, "बरं. मग सगळा ऊसच लावतो." मला वाटलं, चला, त्रास वाचला त्यांचा.

आषाढात गावी गेले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. आईला आम्ही अव्वा म्हणतो; अव्वा तेवढी म्हणाली, "गालफडं बसल्यात गं." आप्पांनी मात्र मला मागच्या सोप्यात बोलावून घेतलं. त्यांना दहा वर्षं साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, पोट सुटलेलं. म्हणाले, "मला बी सांग की तुझं ते."

त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. ज्यांना आयुष्यात कुणी काही शिकवलं नाही ते माझ्याकडून शिकत होते. मी सगळं समजावून दिलं आणि मग जी हुशारी केली ती आमच्याच घरातल्या मुलीला सुचू शकते. चातुर्मास तोंडावर आला होता. त्या चार महिन्यांत आमच्याकडं कुणी पालेभाजी सोडतं, कुणी तूप, कुणी गोड. मी म्हणाले, "आप्पा, एवीतेवी तुम्ही काहीतरी सोडताच. यंदा भाकरी, भात आणि साखर सोडायचा नेम करा. म्हणजे मोडणार नाही."

आप्पांचा नेम म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पन्नाशीत त्यांनी मुनी महाराजांसमोर नेम घेतला होता, दिवस मावळल्यावर उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. माझ्या लग्नात वरात उशिरा आली तेव्हा ते उपाशी झोपले होते, पण मोडला नाही. डाएट मोडता येतं, रविवारी थोडं जास्त खाऊन सोमवारी परत धरता येतं. नेमाला रविवार नसतो. मला त्यांना डाएट द्यायचं होतं, मी त्यांच्या हातात नेम दिला.

पहिले दीड महिने सगळं छान चाललं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन. शेंगदाणे मूठभर, दुधीची भाजी, ताक. सहा किलो उतरले. साखर तपासली, ती पण खाली. मी लॅबमधल्या बायकांना सांगायचे, माझे वडील बघा, अडुसष्टाव्या वर्षी. पालेभाजी तर त्यांनी दरवर्षीप्रमाणे सोडलेलीच होती. संध्याकाळचं जेवण पाच-साडेपाचला, त्यात भाकरी नाही, त्यावर गोळी, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही. गोळ्या आधी होत्या तेवढ्याच होत्या. आमच्या कारखान्यात बिस्किटातली साखर जरा कमी केली तरी बाकीचं सगळं पुन्हा तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही. ते तपासायचं काम माझं. घरच्या माणसाच्या ताटातून निम्मं जेवण काढलं आणि गोळ्यांचं नाव काढलं नाही.

पुढचं मला अव्वानं सांगितलं. भाद्रपदात एका पहाटे आप्पा घामानं भिजून उठले, हात थरथरत होते, बोलणं जड. शेजारच्या बाईचीही साखर अशीच उतरायची, त्यामुळं अव्वाला हे माहीत होतं; अव्वा साखरेचा डबाच घेऊन आली. आप्पांनी दात आवळून घेतले. म्हणाले, "दिवस उगवला न्हाई. आन साखर सोडलीया. लेकीला शबूद दिलाय." अव्वानं हातापाया पडून सांगितलं. तेव्हा म्हणाले, थांब, उजाडलं का बघून येतो. आणि बघायला उठले, ते दाराच्या पायरीवरून खाली कोसळले.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ महावीर, कुपवाडच्या रात्रपाळीहून मोटारसायकलवर नेमका तेव्हाच दारात आला. त्यानं त्यांना मिरजेला नेलं. मशीनवर साखरेचा आकडासुद्धा आला नाही, नुसतं 'लो' आलं. ग्लुकोज लावलं म्हणून जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं होतं. मी दुपारी पोचले.

डॉक्टर तावातावानं विचारत होते, गोळ्या चालू ठेवून जेवण कुणी बंद करायला सांगितलं. दादा माझ्याकडं बघत म्हणाला, "हिचं बघून केलं असंल." खाटेवरून आप्पा म्हणाले, "तिचं नाव घिऊ नगं. ती बिचारी म्हणालीवती, डाक्तरला इचारल्याबिगर काय करू नगा. मीच ऐकलं न्हाई. पेपरात वाचलं आन केलं."

मी आप्पांना त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. उसाच्या वजनातसुद्धा नाही. अव्वानं माझ्याकडं बघितलं आणि मग खिडकीकडं तोंड फिरवलं. दादा मला म्हणाला, "बघ, ऐकतोय व्हय हा माणूस कुणाचं?" मी मान हलवली. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी हो म्हणून मान हलवली.

याला दोन वर्षं झाली. आप्पा वॉकर घेऊन चालतात. मंदिराच्या सात पायऱ्या चढता येत नाहीत, खालूनच हात जोडतात. रानात जाणं संपलं. पण त्याहून वाईट दुसरंच आहे. घरात त्यांचा शब्द राहिला नाही. गोळ्या वहिनी मोजून देते. ऊस कुठला लावायचा हे त्यांना कुणी विचारत नाही, कारण स्वतःच्या जिवाचं ज्याला कळत नाही त्याला रानाचं काय कळणार, असं दादा तोंडावर बोलतो. आणि लग्नाकार्यात पंगतीला बसलं की तो सगळ्यांना रंगवून सांगतो, "आमचं म्हातारं पेपर वाचून डाक्तर झालंवतं." लोक हसतात. आप्पाही हसतात. मागच्या लग्नात त्या पंगतीत मीही होते, ताटात भात होता, आणि मी मान खाली घालून तो खात होते.

दादा वाईट नाही. आठ दिवस दवाखान्यात तोच जमिनीवर झोपला होता. त्याचा राग धास्तीचा आहे. फक्त तो चुकीच्या माणसावर निघतोय, आणि तसा तो निघू दिलाय मी.

गेल्या महिन्यात अव्वाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, गावात महाराज आलेत, आप्पांनी त्यांच्याकडं जाऊन प्रायश्चित्त मागितलं. मला वाटलं, त्या पहाटे उजाडायच्या आत सुईतून ग्लुकोज गेलं त्याचं असेल. अव्वा म्हणाली, "त्येचं कवाच झालं. हे खोटं बोलल्याचं हाय. रोज एक माळ जादा." मी विचारलं, कुठलं खोटं? ती म्हणाली, "मला कशाला इचारतीस?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसते आणि मला दिसतं, तिकडं ते अंगणात खुर्चीवर बसून माझ्या वाटणीची माळ ओढत असतील. शिरवळात आता आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, मुलांना गावची भाषा ऐकून हसू येतं, आणि मला कुणी विचारलं घर कुठं, तर अजूनही तोंडातून सांगलीच येतं. माझ्यासारखे बाहेर पडलेले सगळे असंच म्हणत असतील. आपण सुट्टीला शहाणे होऊन जातो, चार गोष्टी शिकवून येतो आणि बस पकडतो. त्यातलं काय अंगाशी आलं ते निस्तरायला मागं राहिलेले असतात. ते निस्तरतात आणि वर आपलं नाव चांगलं ठेवतात. मला घर म्हणजे आता तेवढंच दिसतं, आणि तिथं पाय ठेवायची लाज वाटते.

दादा, हे तुझ्यासाठी लिहिलंय. फोनवर मला जमलं नसतं, तू मधे बोलतोस आणि मला ते बरंच पडलं असतं. रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय. त्याआधी हे वाच, वहिनीला वाचायला दे, आणि पुढच्या लग्नात पंगतीत सांगायचं असेल तर हेच सांग. आप्पांनी पेपरात काही वाचलं नव्हतं. डॉक्टरला विचारा असं मी कधीच म्हणाले नव्हते. उलट त्या दिवशी सोप्यात त्यांनीच मला विचारलं होतं, "एकदा डाक्तरला दाखवून घिऊ का गं?" आणि मी म्हणाले होते, "कशाला आप्पा? मी आहे ना."