मावशींचं पॅड

कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत आणि त्यांच्या जिभेला टरकून असत. तीस वर्षं अर्ज घेऊन त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. अक्कल पाजळायला येतो तो बाप, आणि जिला शिकायचंय ती पोरगी मागे तोंड मिटून उभी असते.

आजच्या बापाने तर अर्ज घरूनच भरून आणला होता. विषयाच्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत 'ड्रोन देखभाल'.

"मला साधं विज्ञान घ्यायचं होतं," मुलगी पुटपुटली.

"सगळ्यातलं थोडं थोडं शिकून काय दिवे लावणार?" बाप मावशींकडे वळला. "एकच धरावं, पण पक्कं धरावं. बरोबर ना?"

"मग फोटोही तुमचाच चिकटवा," मावशी म्हणाल्या. त्यांनी तो अर्ज परत ढकलला, एक कोरा अर्ज मुलीपुढे सरकवला आणि खाली धरायला आपलं नेहमीचं पॅड दिलं. ते पॅड म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेट केलेली त्यांची स्वतःची जुनी पदविका होती.

मुलीने ती वाचली. "टेलेक्स यंत्रचालन, प्रथम श्रेणी. मावशी, टेलेक्स म्हणजे काय?"

"तुझ्या वडिलांना विचार, त्यांना आठवत असेल," मावशी म्हणाल्या. "माझा निकाल लागला त्याच वर्षी ती यंत्रं भंगारात निघाली. माझ्या वडिलांनीही एकच धरलं होतं. अगदी पक्कं."