मागच्या बाजूचे परत आले

चाळीत राहणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या भांड्यांसारखे ते आपोआप साठतात आणि एक काढायला जावे, तर चार अंगावर येतात. आमची परळची चाळ दोन बाजूंची. पुढे आम्ही कोकणातले, मागे बौद्ध कुटुंबे. गिरणीचा भोंगा एकच. जिने मात्र वेगळे. मी पुढच्या बाजूच्या भजनी मंडळाचा बुवा. मागच्या बाजूची मुले शिकली, खारघर-ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये गेली. आमच्याही बाजूचे बहुतेक जण खोल्या विकून गेले. पण परत आले ते मागच्या बाजूचे!

*

पहिला आला मिलिंद. मोठ्या कंपनीत इंजिनिअर. वडिलांची खोली विकण्याऐवजी त्याने शेजारची घेतली, दोन्ही जोडल्या आणि बायकोसह राहायला आला. आठवड्याच्या आत बिल्डरचा माणूस दारात.

"साहेब, तुमची अपेक्षा काय, ते एकदा बोला ना!"

"कॉमन संडासाची कडी तुटलीय," मिलिंद म्हणाला. "तेवढी बसवा."

तो माणूस पुन्हा दिसला नाही. कडी मिलिंदनेच बसवली.

*

मग परतलेल्या चार घरांनी मिळून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम काढले. तेही दोन्ही बाजूंचे. चाळीच्या मीटिंगमध्ये आमच्या बाजूने लगेच शंका निघाली, "आमच्या बाजूचं कशाला करताय? हेतू काय तुमचा?"

मिलिंदने चहाचा कप खाली ठेवला. "काका, पाणी काय बाजू विचारून गळतं?"

सर्वांच्या ठायी एकच देव, असे मी आयुष्यभर टाळांच्या गजरात गात आलो. इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नाही.

*

त्यानंतर आली सुजाता. मागच्या बाजूच्या भागूजींची मुलगी, डॉक्टर. वडिलांच्या खोलीत तिने दवाखाना सुरू केला. एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बुवा, भजनाची खोली दिवसभर बंदच असते. पोरांना अभ्यासाला द्याल?"

"देवाची खोली आहे. विचार करून सांगतो," मी म्हणालो.

विचार चार महिने चालला. तेवढ्यात मिलिंदने आपल्या दोन खोल्यांपैकी एक रिकामी करून अभ्यासिका उघडली. टेबले, दिवे, एसी. आणि नोंदवहीत पहिले नाव माझ्या नातीचे!

"अगं, मला विचारलंस तरी का?"

"आबा, तुम्ही विचार करताय ना? करा सावकाश. माझी परीक्षा जूनमध्ये आहे!"

*

आता भागूजींचा किस्सा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

धर्म बदलला, तरी लहानपणी ऐकलेले अभंग भागूजींच्या गळ्यातून गेले नव्हते. आमचे भजन असले, की ते खाली आमच्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसत. आम्ही त्यांना 'आत या' म्हटले नाही. भजन संपल्यावर मी सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावीत दारापर्यंत येई आणि उंबरठ्याशी थांबे. एकदा भर रंगात मी पुढचे चरण विसरलो. टाळ थबकले. तोच खालून, जिन्यावरून, स्वच्छ सुरात ते चरण आले! मी ते उचलले आणि भजन तरले.

नंतर एका टाळकऱ्याने विचारले, "बुवा, मघाशी आवाज कुठून आला हो?"

मी डोळे मिटून म्हणालो, "वरून!"

सगळ्यांनी हात जोडले. पायरीवर बसलेल्या भागूजींनी ते ऐकले असणार. पुढे ते मुलीबरोबर खारघरला गेले आणि तिथेच वारले.

*

गेल्या महिन्यात मला चक्कर आली, म्हणून सुजाताच्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी भागूजींचा फोटो. तिने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, कानाला स्टेथोस्कोप लावला. मनाशी म्हटले, आज सांगून टाकायचेच.

"सुजाता, तुझ्या वडिलांचा मी फार मोठा..."

"बुवा, बोलू नका. बोललं की प्रेशर जास्त दाखवतं."

पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत गेली. तिने आकडा लिहून घेतला, स्टेथोस्कोप कानातून काढून गळ्यात टाकला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हं. आता बोला, काय म्हणत होतात?"

मी फोटोकडे पाहिले.

"गोळी," मी विचारले, "जेवणाआधी घ्यायची, की जेवणानंतर?"