फळ्याची उजवी बाजू

ओल्या खडूचा वास आला की मला आमच्या गावच्या शाळेतला फळा आठवतो. गोष्ट वाचायच्या आधी आमच्या बाई तिच्यातले नवे शब्द फळ्याच्या डाव्या बाजूला लिहीत आणि विचारत, "सांगा, तुमच्या घरी याले काय म्हनतात?" आम्ही ओरडून सांगायचो ते शब्द उजव्या बाजूला जात. त्या दिवशी शेतकऱ्याची गोष्ट होती. 'भातलावणी'समोर बाईंनी मी सांगितलेला 'रोवणा' लिहिला आणि मी ऐटीत खाली बसले. एवढ्यात तपासणीच्या साहेबांची जीप मैदानात शिरली. बाई घाईघाईनं मला म्हणाल्या, "फडकं ओलं करून आन, अन् उजवी बाजू पुसून टाक." मला वाटलं, साहेब तोंडी विचारणार, म्हणून उत्तरं झाकायची असतील. मी मन लावून पुसलं. साहेबांनी खरंच विचारलं, "भातलावणी म्हणजे काय?" सगळ्यांच्या आधी मी उठले. "रोवणा, साहेब!" ते हसले. "हा कुठला शब्द?" मी बाईंकडे पाहिलं. बाईही हसल्या आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाल्या, "काय करणार सर, कितीही शिकवलं तरी ही मुलं असंच बोलतात." माझ्या हातातलं फडकं अजून ओलंच होतं. परवा लाखांदूरच्या बसस्टँडवर बाई भेटल्या. थकल्यात आता. माझा हात धरून मायेनं विचारलं, "काय वं पोरी, झाला का रोवणा?" मी हात सोडवून घेतला. "भातलावणी झाली, बाई," म्हटलं आणि बसमध्ये चढले.